पाच मुठींचा पट्टा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या 'सोबत' पुनर्वसन केंद्राच्या संचालिका डॉ. क्षिप्रा गुप्ते, व्यासपीठावर बसलेले केंद्राचे विश्वस्त, आजचे सत्कारमूर्ती श्री. देवराम गमरे, त्यांच्या शेजारी बळेबळेच बसवल्यामुळे अवघडून गेलेल्या सौ. रमाबाई गमरे, समोर बसलेले केंद्राचे आजी-माजी पेशंट, त्यांना इथवर घेऊन आलेली त्यांची माणसं, आणि दाराजवळच्या शेवटच्या रांगेत, म्हणजे भाषण लांबलंच तर अलगद सटकता येईल अशा बेताने बसलेल्या मित्रांनो,

माझं नाव सरोज खरे. डोंबिवलीच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. क्षिप्राताईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. आमच्या शाळेत पाच मिनिटांत फक्त हजेरी व्हायची. तेव्हा वेळेचं गणित चुकणार हे मी आधीच कबूल करून टाकते.

निरोपाच्या समारंभात सत्कारमूर्तींचे गुण सांगायचे असतात. गमऱ्यांच्या बाबतीत ही अडचणच आहे. हे गृहस्थ बोलत नाहीत. एकोणीस वर्षं केंद्राच्या वर्कशॉपमध्ये होते, आणि मला वाटतं त्यातली अठरा वर्षं त्यांच्या तोंडात मोजपट्टी होती. त्यांना काहीही विचारा, उत्तर एकच, 'बघतो.' या 'बघतो'चा अर्थ दहा मिनिटंही होतो आणि चार महिनेही. आणि माणसाकडे बघायची त्यांची एक खास नजर आहे. आपल्याला वाटतं, किती आपुलकीने बघताहेत! ते कमरेचा घेर बघत असतात. मघाशी विश्वस्त साहेबांचं स्वागत झालं तेव्हा गमरे हात जोडून उभे होते, पण त्यांचे ओठ हलताना मी बघितले. साहेब, तुमचा आकडा त्यांना पाठ झालाय. मी विचारून घेईन, पण व्यासपीठावरून सांगणार नाही.

आता आमची ओळख कशी झाली ते सांगायला हवं. त्यासाठी आमच्या ह्यांच्याबद्दल बोलावं लागेल. ते समोर पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसले आहेत. 'माझ्याबद्दल बोलू नकोस' असं त्यांनी निघताना बजावलंय. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात त्यांचं सगळं ऐकलं, आज एक राहू द्या.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारी महिना होता. ह्यांना एकाएकी ओला हरभरा खायची लहर आली. वर्तकनगरच्या बाजारात हरभरा होता. पण ह्यांचं म्हणणं, माजिवड्याला एक जण बसतो, त्याच्याकडचा हिरवागार असतो. स्कूटर काढली. येताना पुलाखालच्या वळणावर बारीक खडी पसरली होती, तिच्यावरून चाक गेलं. डाव्या मांडीचं हाड मोडलं. मला हॉस्पिटलात बोलावलं तेव्हा हे स्ट्रेचरवर होते आणि हरभऱ्याची जुडी छातीशी धरलेली. पाय मोडला, पण जुडीचा एक घाटा तुटला नव्हता.

ऑपरेशन झालं, आत सळई बसवली, दहा दिवसांनी घरी आलो. आणि तिथून माझी परीक्षा सुरू झाली.

इथे बसलेल्या किती जणींनी, आणि जणांनीही, आजाऱ्याला धरून चालवलंय? हात वर करू नका, मला माहीत आहे. हॉस्पिटलातून सुटी मिळताना पेशंटला कागद देतात. गोळ्या कुठल्या, व्यायाम कुठला, पाय किती टेकायचा. आणि शेवटी एक ओळ असते, 'आधार देऊन चालवावे.' आधार कुणी द्यायचा? त्याचं वजन किती असावं? त्याने कुठे धरायचं? त्याबद्दल अक्षर नाही. ह्यांचं वजन ब्याऐंशी किलो. माझं सत्तेचाळीस. गणिताच्या बाईला हे उदाहरण अवघड नव्हतं. उत्तर आवडत नव्हतं इतकंच.

मी धरायची कशी, तर एक हात ह्यांच्या काखेत आणि दुसऱ्या हाताने पायजम्याची कंबर. त्या काळात ह्यांच्या पायजम्याची नाडी हा आमच्या घरातला सर्वांत महत्त्वाचा भाग होता.

सहा आठवडे असे गेले. मग एका सकाळी, चहाच्या आधी, बेडरूम आणि मोरीच्या मधल्या बोळात हे पडले. सळई वाकली. दुसरं ऑपरेशन करावं लागलं. सगळा प्रवास पुन्हा पहिल्यापासून. लोक भेटायला आले, त्यांना आम्ही सांगितलं, पाय घसरला. ह्यांनीही तेच सांगितलं.

दुसऱ्या ऑपरेशननंतर आम्हाला कुणीतरी 'सोबत'चं नाव सुचवलं, आणि क्षिप्राताईंनी मला मागच्या अंगाला वर्कशॉपमध्ये पाठवलं. तिथे मी गमऱ्यांना पहिल्यांदा बघितलं. शिलाई मशीनवर वाकलेले, कानाला पेन्सिल. त्यांनी मान वर करून ह्यांच्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "बेचाळीस." ह्यांना वाटलं खोली क्रमांक. ह्यांनी व्हीलचेअर वळवली आणि बेचाळीस नंबरची खोली शोधायला निघालेसुद्धा!

इथे येण्यापूर्वी गमरे एका कंपनीत होते. उंच इमारतींवर काम करणाऱ्या कामगारांसाठी सुरक्षा पट्टे शिवायची ती कंपनी. ती बंद पडली आणि ते इथे आले. मी त्यांना विचारलं होतं, "तिथलं काम आणि इथलं काम, फरक काय हो?" त्यावर त्यांनी त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत लांब वाक्य उच्चारलं असावं. म्हणाले, "बाई, उंचावरून पडणाऱ्याला दोरी धरते. घरात पडणाऱ्याला बायको धरते. दोरीची टेस्टिंग होते."

तर पहिला पट्टा आला. वीतभर रुंद म्हणावा असा जाड नवारीचा पट्टा, पुढे-मागे बकल, आणि पाठीवर धरायला एक मोठी कडी. ह्यांनी तो बघितला आणि म्हणाले, "मी काय पोळ्याचा बैल आहे? शिंगांना बेगड पण लावा." आणि बांधायला साफ नकार. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, आठ दिवस. आपण सगळे इथे हसतोय, पण तेव्हा ते हसण्यासारखं नव्हतं. रोज संध्याकाळी मी ह्यांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. क्षिप्राताईंनी सरळ सांगितलं, "काका, अजून पंधरा दिवस पाय हलला नाही तर गुडघा आखडेल. मग मी काहीही केलं तरी तो पूर्वीसारखा होणार नाही." हे भिंतीकडे तोंड करून बसले. शाळेत अशी मुलं मी पुष्कळ बघितली होती. पण त्यांना वर्गाबाहेर उभं करता येतं.

गमरे दारात उभे राहून हे ऐकत होते. आत आले, तो पट्टा उचलला आणि स्वतःच्या कमरेला बांधला. मला म्हणाले, "बाई, धरा." मी धरलं. गमरे लंगडायला लागले. काय सांगू तुम्हाला, इतका वाईट अभिनय मी शाळेच्या स्नेहसंमेलनातसुद्धा बघितला नाही! दर चार पावलांनी पाय बदलत होता. तशी आमची वरात केंद्राच्या फाटकातून बाहेर पडून रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीकडे निघाली. ह्यांना व्हीलचेअरवर फाटकाशी आणून बसवलेलं. वाटेत एक भाजीवाली बसते. तिने गमऱ्यांकडे बघून हळहळून मला सांगितलं, "सांभाळून न्या हो ताई मिस्टरांना. माणूस किती खंगलाय!"

फाटकातून गर्जना आली, "अहो बाई, मिस्टर मी! इकडे मी!"

आठ दिवसांत हे पहिल्यांदा हसले. आणि हसू ओसरल्यावर हळूच म्हणाले, "आणा तो पट्टा. पण बकल पुढे घ्या आणि ते माझं मला सोडता आलं पाहिजे. दुसऱ्याने बांधलेलं आणि दुसऱ्यानेच सोडायचं, असं मी काही घालणार नाही." गमरे म्हणाले, "बघतो." या खेपेस तो बघतो तासाभराचा होता. पाठीवरचं बकल गेलं, पुढे एकच राहिलं, एका हाताने सुटणारं. ही पहिली दुरुस्ती. तिचं श्रेय पेशंटच्या हट्टाला.

हे चालायला लागले. चार पावलं, आठ पावलं, व्हरांड्याच्या टोकापर्यंत. आणि मग गमऱ्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं.

मी त्या कडीला वेगळा पट्टा बांधून तो मनगटाभोवती गुंडाळून घ्यायची. दोन वेढे. गमरे रागावले. त्यांचा राग म्हणजे आवाज आणखी खाली जातो. "बाई, ते सोडा. साहेब पडले तर तुमचा हात खांद्यातून निखळेल."

मी म्हटलं, "गुंडाळल्याशिवाय मला भरवसा वाटत नाही."

"पट्ट्याचा? माझ्या शिलाईचा?"

"माझ्या हाताचा."

दुपारची वेळ होती. वर्कशॉपमध्ये आम्ही दोघंच होतो, हे व्यायामाच्या खोलीत. आणि जे मी माझ्या सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं ते मी या माणसाला, त्यांच्या मशीनसमोरच्या स्टुलावर बसून सांगितलं. त्या सकाळी बोळात ह्यांचा पाय घसरला नव्हता. ह्यांचा गुडघा वाकला आणि सगळं वजन माझ्यावर आलं. मी धरलं होतं. क्षणभर धरलं होतं. मग मला वाटलं, आता मीही जाणार, माझं डोकं त्या मोरीच्या उंबऱ्यावर आपटणार. आणि मी सोडलं. हात सुटला नाही. मी सोडला.

मंडळी, अशा वेळी माणसं काय म्हणतात? 'असू द्या हो. तुमची काय चूक? देवाची इच्छा.' मला तेच ऐकायची भीती वाटत होती, आणि कदाचित तेच ऐकायला मी बोललेही असेन.

गमऱ्यांनी तोंडातली मोजपट्टी काढली. म्हणाले, "आधी कुठला? काखेतला का कमरेचा?"

मी म्हटलं, "कमरेचा. उजवा."

"बोट कुठलं पहिलं उघडलं?"

असा प्रश्न मला जगात कुणी विचारला नसता. मी डोळे मिटून आठवलं. आणि खरंच आठवलं. करंगळी. मग तिच्या शेजारचं बोट. मग सगळाच हात.

ते उठले. खिडकीच्या काचांना लावतात ती लांबी असते ना, मऊ, तिचा एक गोळा काठीवर थापून त्यांनी माझ्या हातात दिला. "धरा. जोरात. त्या दिवशी धरलं तसं." आणि दुसरं टोक त्यांनी ओढलं. मी रडत होते आणि ते ओढत होते. बाहेरून कुणी बघितलं असतं तर काय समजूत करून घेतली असती कुणास ठाऊक! गोळ्यावर माझी बोटं उमटली. त्यांनी तो उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही सोडलं ते बरोबर बोलताय. पण तुमचा हात त्याच्या आधीच सुटत आलेला. पायजमा धरायची वस्तूच नाय. तुमची बोटं लहान आहेत. एवढ्या हाताला कुणी मूठच दिली नाय."

सांत्वन म्हणाल तर एवढंच. मग मशीन सुरू झालं.

आठवड्याभरात एक मूठ तयार झाली. बागेला पाणी घालायच्या नळीचा तुकडा नवारीवर चढवलेला, मध्ये थोडा फुगीर, आणि खाली करंगळीपाशी एक ओठ काढलेला, म्हणजे वजन खाली गेलं तरी हात निसटणार नाही. मी हातात धरली आणि मला चक्क माझ्याच हाताचं कौतुक वाटलं.

इथपर्यंत गमऱ्यांचं कौतुक झालं. आता त्यांची फजिती.

कंपनीत काम केलेला माणूस. त्यांच्या डोक्यात एक होतंच. पेशंटला पट्टा, मग धरणाऱ्यालाही पट्टा, आणि मध्ये एक मजबूत दुवा. म्हणजे हात सुटायचा प्रश्नच नाही. क्षिप्राताई म्हणाल्या, "गमरे, नाही. एक पडला तर दुसराही पडेल." गमरे दोन दिवस फुगून बसले. न बोलणारा माणूस फुगला की ओळखायला फार वेळ लागतो. आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. शेवटी ठरलं, करून बघू. जमिनीवर चार गाद्या अंथरल्या. गमरे पेशंट, मी धरणारी, मध्ये दुवा. त्यांनी सांगितलं, "मी पडतो." आणि प्रामाणिकपणे पडले. त्यांच्यामागून मी पतंगाच्या शेपटीसारखी गेले. गमरे गादीवर आणि मी गमऱ्यांवर!

आणि त्याच वेळी दारात, हातात डबा घेऊन, रमाबाई उभ्या.

दिवा स्टेशनला घर त्यांचं, तिथून आल्या होत्या. त्या दिवशी दिव्यात दोन दिवसांनी पाणी आलं होतं, ते भरता भरता डबा राहिला, म्हणून स्वतः घेऊन आलेल्या. त्यांनी एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि शांतपणे म्हणाल्या, "चालू द्या."

रमाबाई, हसताय काय, तुम्हीच म्हणालात!

मग त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि तो पट्टा हातात घेऊन उलटसुलट केला. आता मी जे सांगणार आहे ते गमऱ्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्यांच्या वहीत ते 'सुधारणा क्रमांक तीन' म्हणून आहे, तारखेसकट, आणि खाली सही त्यांची. रमाबाई म्हणाल्या, "ही कडी पाठीवर कशाला? मागून कोण धरतं? मागून तर ढकलतात." त्यांनी चार वर्षं सासूबाईंना धरून चालवलं होतं. चौथ्या मजल्यावरच्या एका खोलीच्या घरात. म्हणाल्या, "बाजूला उभं राहायचं, कुशीला. मुठी दोन्ही बाजूंना पाहिजेत, उभ्या. आणि हे ब्याऐंशी किलो उचलायला कोण जातंय? पडायला लागलं माणूस, तर उचलायचं नसतं बाई. जवळ घ्यायचं आणि खाली बसवायचं. आपल्याला फक्त पडणं सावकाश करायचंय."

क्षिप्राताई, तुम्ही तिथेच होतात. तुम्ही म्हणालात, "हे आम्हाला कॉलेजात शिकवतात." त्यावर रमाबाई म्हणाल्या, "आम्हाला कोणी शिकवलं नाय. आम्ही दोनदा पडलो."

मुठी बाजूला आल्या. आतून जुन्या सुती साडीचं अस्तर लागलं, कारण उन्हाळ्यात ती नवार अंगाला चावते, हेही रमाबाईंनीच सांगितलं. साडीही त्यांचीच. पट्टा वर बरगड्यांत सरकायचा, म्हणून त्याला खाली कमरेच्या हाडावर बसेल असा किंचित बाक दिला. आणि गमऱ्यांनी मला आठवडाभर रोज एकच धडा गिरवायला लावला. ते पडणार, मी एक पाय पुढे टाकणार, त्यांना कुशीत ओढणार आणि माझ्या मांडीवरून घसरगुंडीसारखं जमिनीवर बसवणार. गणितात मी मुलांना पाढे पाठ करायला लावायची, त्याचा सूड होता तो बहुतेक.

आता खरी परीक्षा. ती सांगून येत नाही.

जून महिन्यातली सकाळ. तोच बोळ. हे पट्टा बांधून, मी उजव्या हाताने मूठ धरलेली. मोरीपर्यंत तीन पावलं राहिली होती आणि ह्यांचा गुडघा वाकला. मला कळलंच नाही मी काय केलं. पाय आपोआप पुढे गेला. मूठ हातात होती. करंगळी तिच्या ओठावर अडली होती, मला ती जाणवत होती. ह्यांना मी ओढलं, आणि हे माझ्या मांडीवरून सावकाश, अगदी सावकाश, खाली बसले. त्यांच्या शेजारी मी बसले. बोळात आम्ही दोघं, पाय पसरून, पाठ भिंतीला. कुणाला काही लागलं नव्हतं.

आणि मला हसू यायच्या ऐवजी हुंदका आला. मी म्हटलं, "मागच्या वेळी तुमचा पाय घसरला नव्हता. मी सोडलं होतं."

हे म्हणाले, "माहीत आहे."

मी वळून ह्यांच्याकडे बघितलं.

"मी तुझ्याकडेच बघत होतो की पडताना. दुसरीकडे कुठे बघणार?" मग म्हणाले, "तू बोलली नाहीस. मला वाटलं तुला त्याबद्दल बोलायचं नाहीये. म्हणून मी घसरलो असं सांगितलं सगळ्यांना. तसं बरं पडलं."

साडेतीन महिने. एका घरात दोन माणसं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवून साडेतीन महिने डाळ-भात खात होती. विश्राम, म्हणजे आमचे हे, मी आज हे सांगितलं म्हणून घरी गेल्यावर तुम्ही बोलणार मला. बोला. आता पुष्कळ वेळ आहे.

पण ती सकाळ तिथे संपली नाही. कारण थोड्या वेळाने ह्यांनी विचारलं, "बरं. आता उठायचं कसं?"

पट्ट्याने आम्हाला अलगद बसवलं होतं. उठवायला काहीच नव्हतं. बाजूच्या मुठी आता ह्यांच्या काखेशी आल्या होत्या. त्या धरून मी ओढायला गेले की मीच पुन्हा खाली. मी बसल्या बसल्या गमऱ्यांना फोन लावला. सगळं सांगितलं. ते खूश झाले, त्यांच्या परीने, म्हणजे 'हं' म्हणाले. मी विचारलं, "आता उठवायचं कसं?"

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

मग म्हणाले, "ते राहिलं, बाई."

मागून रमाबाईंचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "मी बोललेली तुम्हाला!"

शेवटी शेजारची साकेत आणि अंतरा ही जोडी आली, त्यांनी उठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गमरे दारात हजर, दिव्याहून. चहाही न घेता बोळात जाऊन जमिनीवर बसले, पाय पसरून, पाठ भिंतीला, आणि मला म्हणाले, "उठवा." तासभर आमचा तोच उद्योग चालला होता. त्यातून खालच्या दोन मुठी आल्या, मांडीजवळच्या, आणि एक बुटकं स्टूल घेऊन आधी गुडघ्यावर, मग स्टुलावर, मग उभं, अशी रीत बसली. बाजूच्या दोन, खालच्या दोन, आणि क्षिप्राताईंच्या आग्रहाखातर पाठीवर राहिलेली एक. पाच मुठी. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी जो पट्टा आहे तो हा.

आज तो कल्याणला जातो, डोंबिवलीला जातो, दिव्यात तर जिन्याजिन्यांतून जातो. मी त्याच्याबरोबर धडा शिकवायला जाते, कारण गमऱ्यांना शिकवायला पाठवलं तर ते सगळ्यांची मापं घेऊन परत येतील. मागच्या महिन्यात कल्याणच्या एका बाईंचा मला फोन आला, शीला नाव त्यांचं. त्यांच्या यजमानांचा मार पाठीच्या कण्याला होता. त्या म्हणाल्या, "बाई, पट्ट्याने हे काही फार चालले नाहीत. पुढेही चालतील असं डॉक्टर म्हणत नाहीत. पण दोन वर्षांत माझी कंबर नाही गेली. मी अजून त्यांना खिडकीपर्यंत नेऊ शकते." मी हे गमऱ्यांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी बराच वेळ मशीनचा दोरा ओवला. दोरा आधीच ओवलेला होता.

आता थोडं निवृत्तीबद्दल. निवृत्तीनंतर माणसं गावाला जातात, देवदर्शन करतात, नातवंडांना शाळेत सोडतात. गेल्या गुरुवारी मी गमऱ्यांना विचारलं, काय ठरवलंय? ते म्हणाले, "जिन्याचं अजून जमलं नाय, बाई." दिव्यात चार-चार मजल्यांच्या इमारती, लिफ्ट नाही. सपाट जमिनीवर दोघं शेजारी उभी राहू शकतात, जिन्यावर राहत नाहीत. एकाला वर किंवा खाली राहावं लागतं. चौथ्या मजल्यावरचा माणूस पडला की वर्ष वर्ष खाली उतरत नाही. त्यांच्या सासूबाई, म्हणजे रमाबाईंच्या आई नव्हेत, सासूबाई म्हणताना माझा घोटाळा झाला, गमऱ्यांच्या आई, त्या चार वर्षांत खाली उतरल्या त्या एकदाच. कशा उतरल्या ते तुम्हाला कळलं असेल.

एवढंच बोलले ते. मग माझ्यासोबत आमच्या सोसायटीत आले आणि जिन्याच्या पायऱ्या मोजायला लागले. उंची, रुंदी, कठडा. मी म्हटलं, "अहो, आमच्याकडे लिफ्ट आहे." म्हणाले, "बंद पडते ना?"

तेव्हा विश्वस्त मंडळींना माझी एक नम्र विनंती आहे. वर्कशॉपच्या किल्लीबद्दल उद्या लगेच काही ठरवू नका. आणि नवीन वहीत सुधारणा लिहिताना खाली दोन सह्या घेत चला. दुसरी कुणाची ते त्या आता पदर सावरत खाली बघताहेत त्यावरून ओळखा.

इतका वेळ तुम्ही मला ऐकून घेतलंत. क्षिप्राताईंनी तीन वेळा घड्याळाकडे बघितलं, पण चिठ्ठी पाठवली नाही, याबद्दल त्यांचे विशेष आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं वजन, कुणाचा घेर, कुणाच्या घरातलं गुपित चारचौघांत निघालं असेल, कुणाचं नाव राहून गेलं असेल, तर एका बाईच्या तोंडाळपणाला तुम्ही सगळ्यांनी मोठ्या मनाने गुण द्यावेत. काठावर पास केलंत तरी चालेल.

आता शाल-श्रीफळाचा कार्यक्रम. शाल आमच्या ह्यांच्या हस्ते द्यायचं ठरलंय. व्यासपीठाला चार पायऱ्या आहेत आणि कठडा नाही.

अहो, या. नाही, साकेत, तू बस. गमरे, तुम्हीपण बसा, आज तुम्ही सत्कारमूर्ती आहात. मी इथेच माईकपाशी उभी आहे.

तुमचे तुम्ही या. सावकाश. आम्हाला कुणालाही घाई नाही.